अकिहाबारा, इकेबुकुरो, नाकानो : टोकियोत दोस्तांबरोबर हौसेच्या खरेदीचा एक दिवस

ॲनिमे (जपानी ॲनिमेशन), मांगा (जपानी चित्रकथा) आणि गेमच्या हौसेपायी टोकियोला पहिल्यांदा निघालेली चार मित्रांची कंपनी साधारण अशी यादी करते : सकाळी अकिहाबारा, मग हाराजुकू, शिबुयाचा चौक, ओदाइबा, आणि जमलंच तर मिताकाचं जिब्ली या ॲनिमे स्टुडिओचं संग्रहालय. आम्हीही हेच केलं होतं. रात्री परतलो तेव्हा फोटो ढीगभर होते, मनासारखी खरेदी शून्य, आणि आमच्यातली दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. जिब्ली तर राहूनच गेलं, कारण तिथे दारात तिकीट मिळत नाही. पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला सकाळी १० वाजता, जपानच्या वेळेनुसार, विक्रीला येतात आणि पटापट संपतात. त्यासाठी वेगळाच दिवस काढा.

पैसे कमी पडले म्हणून असा दिवस फसल्याचं मी पाहिलेलं नाही. तो फसतो पाय बोलायला लागल्यामुळे, पिशव्या जड झाल्यामुळे, आणि सगळ्यात जास्त एकमेकांची वाट बघण्यात. म्हणून पुढचा सगळा बेत या तीन गोष्टींभोवती आखलेला आहे. जागा तीनच. शिबुया-हाराजुकू छान आहे, पण ते दुसऱ्या दिवसासाठी.

मार्ग असाच का

आमची एक मैत्रीण निशी-कासाईत राहते. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय इतके आहेत की किराण्याच्या दुकानात पोह्यांची पुडी हातात घेऊन कुणीतरी मराठीत भाव विचारताना ऐकू येतं. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून गेले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही बातमी आली होती. टोकियोत तुमचं कुणी नातेवाईक किंवा ओळखीचं असेल तर ते इथेच कुठेतरी असण्याची शक्यता बरीच. त्यामुळे मी निशी-कासाई धरून मार्ग देते. हॉटेल दुसरीकडे असेल तर सुरुवात बदला, पण क्रम बदलू नका.

निशी-कासाई तोझाइ मेट्रोवर आहे आणि तोझाइचं दुसरं टोक म्हणजे नाकानो. आम्ही एकदा थेट नाकानोला गेलो आणि तो मोठा घोटाळा झाला. तिथली बरीच दुकानं दुपारी १२ ला उघडतात, आम्ही साडेनऊला शटरकडे बघत उभे. उलट केलं की सगळं जुळतं. अकिहाबाराची दुकानं १०-११ ला उघडतात, तिथून सुरुवात करायची. दुपारी इकेबुकुरो. संध्याकाळी नाकानो, जिथे बरीच दुकानं ८ पर्यंत चालू असतात. आणि रात्री, हातात सगळ्यात जास्त ओझं असताना, गाडी नाकानोहूनच सुटणारी मिळते, म्हणजे बसायला जागा. ठाण्याहून सुटणारी लोकल पकडणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

वार कोणता? रविवारी अकिहाबाराचा मुख्य रस्ता, चुओ-दोरी, दुपारी १ पासून गाड्यांना बंद असतो आणि माणसं भर रस्त्यात हिंडतात. एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी ६ पर्यंत, बाकीचे महिने ५ पर्यंत. बघायला मजा येते, पण इकेबुकुरोत त्याच दिवशी पाय ठेवायला जागा नसते. नोकरी करणारे यजमान बरोबर असतील तर रविवार घ्या, नाहीतर साधा वार बरा. साध्या वारी सकाळी साडेनऊच्या आत मात्र तोझाइत चढू नका. तिची गर्दी टोकियोतही कुप्रसिद्ध आहे.

आदल्या रात्री : अर्धा तास काढा

*इंटरनेट प्रत्येकाचं वेगळं.* चौघांत मिळून एक पॉकेट वायफाय घेणं स्वस्त पडतं, आणि हीच सगळ्यात महाग बचत आहे. ते यंत्र ज्याच्या खिशात, त्याच्यापासून बाकीचे तिघं दोन मजले लांब गेले की हरवले. ई-सिम घ्या, प्रत्येकाने.

*सुइका किंवा पास्मो कार्ड.* ही पैसे भरून ठेवायची प्रवासाची कार्डं. आजच्या मार्गात मेट्रो आहे आणि जेआरही (जपान रेल्वे) आहे, त्यामुळे एकाच कंपनीचा दिवसभराचा पास परवडत नाही. सुइकात पैसे भरा, मशीनला टेकवा, जा. पर्यटकांची वेलकम सुइका २८ दिवस चालते. तिला डिपॉझिट नाही, पण उरलेले पैसेही परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडे भरा. आयफोन असेल तर सुइका फोनमध्येच घेता येते. भारतात घेतलेल्या बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनमध्ये त्यासाठी लागणारी चिप नसते. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. हेच कार्ड कोल्ड्रिंकच्या यंत्राला आणि अनेक लॉकरनाही चालतं.

*रोख.* कार्ड आता बहुतेक ठिकाणी चालतं, पण कॅप्सूल-खेळण्यांच्या यंत्रांना (नाणं टाकलं की गोळ्यात बंद खेळणं निघतं) १०० येनची नाणी लागतात आणि अकिहाबारातल्या रेल्वेपुलाखालच्या छोट्या दुकानांना नोटा आवडतात. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर भारतीय कार्डांवर पैसे निघतात. कार्ड वापरताना मशीनने ‘रुपयांत की येनमध्ये’ असं विचारलं तर डोळे मिटून येन म्हणा. रुपये निवडले की विनिमयाचा दर तो दुकानदाराकडचा मध्यस्थ ठरवतो, आणि तो तुमच्या बाजूने कधीच नसतो.

*पासपोर्ट, मूळ प्रत.* परदेशी पर्यटकाने तो जवळ बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि करमाफीलाही तोच लागतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

*दोन कापडी पिशव्या.* जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. शिवाय रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी.

*यादी, दोन रकान्यांची.* डावीकडे ‘मिळालंच पाहिजे’, उजवीकडे ‘दिसलं तर’. प्रत्येकाची वेगळी. वस्तूचं नाव जपानी लिपीत फोनवर साठवून ठेवा, चित्रासकट. दुकानदाराला पडदा दाखवला की काम होतं. आमच्यातल्या एकाला भाचीसाठी डोरेमॉनचं काहीतरी हवं होतं. ‘काहीतरी’ असं यादीत लिहू नका. डोरेमॉनचं ‘काहीतरी’ जपानमध्ये अनंत आहे. पेन्सिलबॉक्स हवा असेल तर पेन्सिलबॉक्स लिहा.

एकत्र यायचं, एकत्र फिरायचं नाही

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. चार जणांनी मिळून एका दुकानात शिरायचं नाही. एकाला जुने व्हिडिओगेम हवेत, एकीला बॅज, एकाला मॉडेल किट. चौथा फक्त खायला आलेला असतो आणि तो दारात उभा राहून घड्याळ बघतो. पंधरा मिनिटांनी त्याचं ते घड्याळ बघणंच सगळ्यांच्या मानेवर बसतं.

आम्ही दीड तासाचे तुकडे पाडतो. प्रत्येक जागी पोहोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं एकत्र, मग पांगायचं, मग ठरलेल्या जागी भेटायचं. ठरलेली जागा म्हणजे बसता येईल अशी जागा. स्टेशनचा दरवाजा कधीच नाही. अकिहाबारात आम्ही ‘स्टेशनबाहेर भेटू’ म्हटलं होतं. दोघं देंकी-गाइ दारात, म्हणजे इलेक्ट्रिक टाउनच्या बाजूला, आणि दोघं शोवा-दोरी दारात, रुळांच्या पलीकडे. चाळीस मिनिटं आम्ही एकमेकांना ‘मी इथेच आहे, तू कुठे’ असं विचारत होतो. इकेबुकुरो तर त्याहून वस्ताद. सेइबू डिपार्टमेंट स्टोअरच्या नावात ‘पश्चिम’ आहे आणि ते पूर्वेच्या दाराला आहे, तोबूच्या नावात ‘पूर्व’ आहे आणि ते पश्चिमेला. टोकियोची माणसंसुद्धा यावर विनोद करतात.

उशीर झाला तर? दहा मिनिटं थांबायचं, मग पुढे निघायचं, उशीर करणाऱ्याने गाठायचं. हे आधी ठरलेलं असलं की कुणाला राग येत नाही.

साडेनऊ : पुलावरून देवळात, देवळातून बाजारात

तोझाइने ओतेमाची, तिथे मारुनोउची मेट्रो पकडून दोन स्टेशनं, ओचानोमिझू. बाहेर आल्यावर हिजिरी-बाशी पुलावर जरा थांबा. खाली कांदा नदी आहे, आणि वेगवेगळ्या उंचीवरून तीन मार्गांच्या गाड्या जातात : जेआरचे नारिंगी आणि पिवळ्या पट्ट्यांचे डबे, आणि नदीवरून क्षणभर उघड्यावर येणारी लाल मेट्रो. तिन्ही एका फ्रेममध्ये मिळाव्यात म्हणून लोक इथे ताटकळतात. ॲनिमेत टोकियो दाखवायचं असलं की चित्रकारांनाही हा कोन आवडतो.

पुलापासून पाच मिनिटांवर कांदा म्योजिन देऊळ. परंपरा सांगते ७३० सालची स्थापना. पण अकिहाबाराच्या शेजाराने त्याला वाण नाही तरी गुण लागलाच आहे. नवसाच्या लाकडी पाट्यांवर, त्यांना एमा म्हणतात, भाविकांनी हाताने काढलेली ॲनिमे पात्रं दिसतील, काही इतकी सुबक की दुकानात मांडावी. आणि इथे संगणक नि फोन सुरक्षित राहावा म्हणून ताईत मिळतो, खरोखरचा. सॉफ्टवेअरमधल्या पुणेकर मित्रासाठी याहून चांगली भेट मला तरी सुचलेली नाही. वजन शून्य, खोका नाही.

देवळाच्या बाजूने ओतोको-झाका नावाच्या दगडी पायऱ्या उतरतात. त्या उतरलात की अकिहाबारा जवळच. चढण टाळण्यासाठीच हा उलटा रस्ता घेतला.

साडेदहा ते दीड : अकिहाबारा

अकिहाबारा मुळात खेळण्यांचा बाजारच नाही. युद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांचा काळाबाजार भरायचा. १९४९ मध्ये रस्त्यावरच्या टपऱ्या हटवण्याचा हुकूम निघाला तेव्हा विक्रेते रेल्वेच्या पुलाखाली सरकले, आणि तिथेच राहिले. मग घरगुती विजेची यंत्रं आली, मग संगणक, मग संगणकवाल्यांची आवड म्हणून गेम आणि ॲनिमे. हा क्रम पायांनी बघायचा असेल तर पहिली पंधरा मिनिटं एकत्र रेडिओ सेंटरमध्ये घाला. पुलाखालच्या बोळात हातभर रुंदीची दुकानं, बरण्यांत रेझिस्टर, स्विच, वायरी, आणि मागे चष्मा नाकावर ओढलेले आजोबा. लॅमिंग्टन रोडवर कधी ट्रान्झिस्टरचा भाग शोधला असेल तर घरी आल्यासारखं वाटेल.

मग पांगा. कुठे काय, ते थोडक्यात :

रेडिओ काइकान स्टेशनला लागूनच आहे. जुनी इमारत पाडून २०१४ मध्ये नवी उभी राहिली. पुतळे, म्हणजे फिगर, मॉडेल किट आणि संग्रहाची कार्डं यांसाठी इथून सुरुवात करा. मजल्यांवर एक गंमत दिसेल : काचेचे शेकडो छोटे कप्पे, आणि प्रत्येकावर वेगळ्या हाताने लावलेली किंमत. हे भाड्याचे कप्पे आहेत. सामान्य माणसं कप्पा भाड्याने घेऊन आपला संग्रह विकायला ठेवतात. म्हणून एकाच फिगरची किंमत या कप्प्यात एक आणि चार कप्पे सोडून दुसरी. इथे घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं.

मांदाराके या जुन्या मांगा-खेळण्यांच्या दुकानसाखळीची आठ मजली काळी इमारत जुन्या वस्तूंसाठी. पण तुम्ही संध्याकाळी नाकानोत त्यांच्या मूळ ठिकाणी जाणार आहात, म्हणून इथे फक्त भाव टिपून घ्या. जुन्या गेमसाठी सुपर पोटॅटो. वरच्या मजल्यावर जुन्या खेळांची यंत्रं नाणं टाकून खेळता येतात. योदोबाशी अकिबा हे प्रचंड दुकान शोवा-दोरी बाजूला आहे आणि नव्या वस्तू, किट, कॅमेरे सगळं एका छताखाली देतं. दोस्तांपैकी कंटाळणारा जो कुणी आहे त्याला तिथे सोडा, तो खूश राहील.

आता खरेदीचं सूत्र. नवी, कारखान्यात अजून बनत असलेली वस्तू सकाळी घेऊ नका. ती इकेबुकुरोतही मिळेल आणि कदाचित विमानतळावरही. जुनी, एकुलती एक वस्तू दिसली, यादीच्या डाव्या रकान्यात असली आणि भाव पटला, तर तिथेच घ्या. ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणून गेलेल्या मित्राला परत आल्यावर रिकामा कप्पा दिसला. त्याचं त्यावेळचं तोंड मी अजून विसरलेले नाही.

जुन्या वस्तूंच्या चिठ्ठ्या वाचायला फोनचा कॅमेरा-अनुवाद पुरतो, पण तीन शब्द कानांना ओळखीचे असू द्या. मिकाइफू म्हणजे न उघडलेलं. चूको म्हणजे वापरलेलं, आणि जपानी वापरलेलं बहुतेकदा आपल्या नव्यासारखं असतं. जांकू म्हणजे जंक : चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही. खोक्याला कोपऱ्यात दुमड असेल तर तेही चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. गेम सेंटरमध्ये बक्षीस म्हणून निघालेल्या फिगर जुन्या बाजारात बऱ्याच स्वस्त मिळतात. रंगकाम थोडं साधं, पण कपाटात ठेवल्यावर पाहुण्यांना फरक कळत नाही. पहिली खरेदी करणाऱ्याने तिथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्रं घेणाऱ्यांनी थांबून विचार करा. जपानची वीज १०० व्होल्ट, आपली २३०. जुन्या गेमच्या यंत्राचा मूळ अडॅप्टर घरी आणून थेट भिंतीत लावलात तर धूर निघतो. कसं माहीत? आमच्याकडे निघाला होता. डीव्हीडीचा विभाग (रीजन कोड) जपानचा २, भारताचा ५. ब्लू-रेचा जपान ए, भारत सी. म्हणजे ती सुंदर पेटी घरच्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही. आणि निन्टेन्डो स्विच २ तिथे स्वस्त दिसतो तो फक्त जपानी भाषेचा आणि जपानच्या खात्यावरच चालणारा. स्वस्ताई त्याचसाठी आहे.

मेड कॅफेचं, म्हणजे मोलकरणीच्या पोशाखातल्या मुली वाढतात त्या कॅफेचं काय? एकदा जायला हरकत नाही, पण दुकान तुम्ही निवडा, रस्त्यावर बोलावणाऱ्याच्या मागे गल्लीत जाऊ नका. साधारण पद्धत अशी : तासाला बसण्याचे वेगळे पैसे, शिवाय प्रत्येकाने निदान एक पदार्थ मागवायचा. दर दाराशी लिहिलेले असतात, नसतील तर मागे फिरा. आत मेडचे फोटो काढायचे नाहीत. हवा असेल तर पैसे देऊन इन्स्टंट फोटो मिळतो. रस्त्यावर पत्रकं वाटणाऱ्या मुलींचेही न विचारता काढू नका. ऑम्लेटवर केचपने मांजर काढून मेड मंत्र म्हणायला लावते, तुम्हालाही म्हणावा लागतो. आमच्यातला सगळ्यात गंभीर माणूस सगळ्यात मोठ्याने म्हणाला.

निघण्याआधी एक काम : झालेली खरेदी स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवायची का? नको. आपण इथे परत येणार नाही. ओझं फारच झालं असेल तर योदोबाशीसारख्या मोठ्या खरेद्या दुसऱ्या दिवसावर ढकला.

दीड वाजता : जेवण फाटकाच्या आत

शाकाहाऱ्यांसाठी टोकियोत अडचण मांसाची नसते, ती रश्श्याची असते. भाजी दिसते, पण खालचा दाशी सुकवलेल्या माशाचा असतो. म्हणून शोधत बसू नका. जेआरच्या यामानोते मार्गाने दोन स्टेशनं, उएनो. तिथे जेआरच्या तिकीट-फाटकाच्या आतच टीज तानतान नावाचं पूर्ण शाकाहारी रामेनचं (रश्शातल्या नूडल्सचं) दुकान आहे, दूध-अंडंही नाही. फाटकाबाहेर न पडता खाऊन पुन्हा त्याच मार्गाने पुढे. घाई असेल तर कोणत्याही कोन्बिनीतून, म्हणजे सेव्हन-इलेव्हनसारख्या छोट्या दुकानातून, उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, ओनिगिरी. भाताचा त्रिकोण नि लोणचं, आपल्या जिभेला परका वाटत नाही. चालता चालता खाऊ नका, तिथे ते बरं दिसत नाही.

तीन ते सव्वापाच : इकेबुकुरो

उएनोहून यामानोतेनेच इकेबुकुरो, साधारण वीस मिनिटांच्या आत. पूर्वेचं दार. म्हणजे सेइबूचं. वर सांगितलं ते आठवा.

अकिहाबारा जर पोरांचा बाजार म्हणून वाढला, तर इकेबुकुरो मुलींनी वाढवला. सनशाइन सिटीजवळच्या एका रस्त्याला ओतोमे रोड असंच नाव पडलंय, ‘कुमारिकांचा रस्ता’. ॲनिमेत (Animate) या दुकानसाखळीचं मुख्य दुकान इथे आहे, २०२३ मध्ये वाढवून नव्याने उघडलेलं. इथला माल वेगळा : बॅज, ॲक्रिलिकच्या उभ्या पट्ट्या, कार्डं. अनेक वस्तू बंद पाकिटात, आत कोणतं पात्र निघेल ते नशीब. मग ज्याला नको ते निघालं तो काय करतो? ॲनिमेतसमोरच्या नाका-इकेबुकुरो बागेत जातो. तिथे मुली जमिनीवर कापड पसरून अल्बम उघडून बसलेल्या असतात आणि अदलाबदल चालते, अगदी आपल्या शाळेत क्रिकेटपटूंची कार्डं बदलायचो तशी. पूर्ण पिशवी एकाच पात्राच्या बॅजांनी मढवलेली दिसेल, तिला इताबॅग म्हणतात. इता म्हणजे वेदना : बघवत नाही इतकी हौस. आवडत्या पात्राला किंवा कलाकाराला ओशी म्हणायचं. हा एक शब्द बोललात तरी दुकानातल्या मुलीचा चेहरा उजळतो.

सनशाइन सिटीत दोन ठिकाणं : पोकेमॉन सेंटर मेगा टोकियो, आणि गाशापॉनचं दुकान, जिथे तीन हजारांवर कॅप्सूल-यंत्रं ओळीने उभी आहेत. इथे शिरण्यापूर्वी नाणी मोजा. प्रत्येकी दहा नाणी, १०० येनची, आणि बस. नाणी देणारी यंत्रं पावलापावलावर आहेत आणि ती तुमचीच वाट बघत असतात. चौघांनी मिळून एकच मालिका निवडा, म्हणजे डबल आलेली आपसांत बदलता येतात. एकट्याने सगळा संच पुरा करायला बसलात तर त्याच पैशांत जुन्या बाजारात तो तयार मिळाला असता. नाकानोत मिळतोही.

गेम सेंटरमधल्या पंजाच्या यंत्रांबद्दल थोडंच. दोन-चार वेळा जमलं नाही तर तिथल्या माणसाला ‘सुमिमासेन’ म्हणून बोलवा. वस्तू सोप्या जागी सरकवून देतात, अनेकदा कसं ओढायचं तेही दाखवतात. यात लाज नाही, तिथलेही हेच करतात.

वाटेत ताकादानोबाबा

इकेबुकुरोहून यामानोतेने दोन स्टेशनं, ताकादानोबाबा. इथे गाडी बदलून तोझाइने दोन स्टेशनं, नाकानो. शिंजुकूच्या भूलभुलैयातून जाण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. शिवाय उतरल्यावर लगेच जिन्याकडे पळू नका. गाडी सुटताना फलाटावर जी धून वाजते ती ॲस्ट्रो बॉयची आहे. मांगा-चित्रकार ओसामू तेझुकांचा तो यंत्र-मुलगा कथेत ७ एप्रिल २००३ ला याच ताकादानोबाबात जन्मला, आणि तेझुकांचा स्टुडिओही याच वस्तीतला. आमच्यातल्या खायला आलेल्या मित्राला दिवसभरात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच, फुकटची.

सहा ते आठ : नाकानो ब्रॉडवे

स्टेशनच्या उत्तरेच्या दाराबाहेर सन मॉल ही छप्पर असलेली बाजारपेठ, सरळ चालत गेलात की तिच्या शेवटी नाकानो ब्रॉडवे. १९६६ ची इमारत, वरच्या मजल्यांवर घरं. खालच्या मजल्यांवर १९८० मध्ये मासुझो फुरुकावा या मांगा-चित्रकाराने जुन्या मांगांचं छोटं दुकान काढलं. तेच मांदाराके. आज ते या इमारतीत अनेक गाळ्यांत विखुरलेलं आहे आणि प्रत्येक गाळा एका विषयाचा : जुनी पत्र्याची खेळणी, पोस्टर, चाहत्यांनी स्वतः काढलेली मासिकं, बाहुल्या. चौथ्या मजल्यावर एका गाळ्याच्या दाराशी देवळासारख्या लाल कमानी आहेत, तो चुकवू नका. तळमजल्यावरचा सरकता जिना दुसरा मजला गाळून थेट तिसऱ्यावर नेतो, तेव्हा गोंधळू नका. वरून खाली या.

इथे काय घ्यावं? माझं उत्तर ठरलेलं आहे : सेल. संगणक येण्यापूर्वी ॲनिमेची प्रत्येक चौकट पारदर्शक पट्टीवर हाताने रंगवायचे. ती पट्टी म्हणजे सेल, आणि तशी दुसरी जगात नसते. प्रसिद्ध पात्रांच्या किमती ऐकूनच घाम येतो, पण कुणाला न आठवणाऱ्या मालिकांचे, पाठमोऱ्या पात्रांचे सेल परवडतात. सपाट असतात, वहीत बसतात, वजन नाही. काचेमागची वस्तू बघायची असेल तर ‘कोरे ओ मिसेते कुदासाइ’, हे दाखवा, एवढं पुरतं. आत फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, पाट्या बघा. घासाघीस करू नका. इथे ती चालत नाही, उगाच समोरचा माणूस अवघडतो.

ज्यांचं बजेट संपलं त्यांनी तळघरात डेली चिकोकडे जावं. आठ चवींचं एकावर एक रचलेलं आइसक्रीम मिळतं, ते एकट्याने संपवायचा हट्ट धरू नका. मात्र हे आल्या आल्या करा, शेवटी नको.

करमाफी, नीट समजून घ्या

जपानमध्ये बहुतेक वस्तूंवर १० टक्के उपभोग-कर आहे. एकाच दुकानात एकाच दिवशी कर वगळून निदान ५,००० येनची खरेदी झाली तर पर्यटकाला तो माफ होतो. ‘मेनझेइ’ म्हणून विचारा. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत तो दुकानातच वजा होतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते : आधी करासकट पूर्ण किंमत भरायची, देश सोडताना विमानतळावर कस्टमकडून खात्री करून घ्यायची, मग पैसे परत. म्हणजे करमाफीच्या वस्तू सामान देण्याआधी दाखवता येतील अशा ठेवा आणि विमानतळावर वेळ राखून जा.

सवलत ज्याच्या पासपोर्टवर, बिल त्याच्याच नावाने, पैसेही त्यानेच द्यायचे. चौघांची खरेदी एका बिलात घालून ५,००० गाठायची युक्ती करू नका. आणि निशी-कासाईत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीला ही सवलत मिळत नाही, ती पर्यटक नाही. आम्ही तिच्या कार्डावर भराभर पैसे भरत होतो आणि नाकानोत पोहोचल्यावर हे कळलं.

रात्री : जमिनीवर पसारा

नाकानोहून सुटणारी तोझाइ, कोपऱ्याची जागा, पिशव्या मांडीवर. मांडीवरच, शेजारच्या जागेवर नाही.

घरी आल्यावर झोपण्याआधी तीन गोष्टी उरकून घ्या. हिशेब, कारण सकाळी कुणालाच काही आठवत नाही. डबल आलेल्या कॅप्सूलची अदलाबदल. आणि सामानाची वाटणी : फिगरचे खोके फाडू नका, खोक्याशिवाय त्यांची किंमत पडते आणि हातपायही मोडतात. ते हातसामानात, मधल्या पोकळीत मोजे कोंबून. पॉवर बँक फक्त हातसामानात. मॉडेल किटचे स्प्रे-रंग ज्वालाग्राही असल्यामुळे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, तेव्हा घेतले असतील तर यजमानांना भेट द्या. सगळ्या पावत्या एका पाकिटात, पासपोर्टसोबत. मुंबईला उतरल्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने ‘ही बाहुली कितीची’ विचारलं तर मोघम उत्तर देण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.